आठवणीच्या गोळ्या न विकणारं मेडिकल

मी मेडिकलमध्ये गेलो होतो आईसाठी आठवणीच्या कॅप्सूल आणायला. त्या मिळाल्या नाहीत. बाटली मागच्या फळीवर होती, मला दिसत होती, पण फार्मासिस्ट मॅडमनी तिकडे हातच नेला नाही. "आजींचं हे विसरणं कधीपासून सुरू झालं, काका?" एवढंच विचारलं. माल द्यायचा सोडून गिऱ्हाइकालाच प्रश्न विचारणाऱ्या दुकानाला एरवी मी एक तारा देऊन मोकळा झालो असतो. यांना किती दिले ते पुढे येईलच, आधी हिशेब.

हिशेब म्हणतो, कारण 31 वर्षं लोकांच्या वह्या लिहिण्यातच गेली. सवय जात नाही. आईच्या बीपीची, गोळ्यांची, डॉक्टरांच्या तारखांची एक डायरी मी ठेवतो. घरात तिची टिंगल होते. त्या दिवशी ती माझ्या खिशात होती.

आई 78 वर्षांची. बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन 5 मिलिग्रॅम बरीच वर्षं चालू होती, कधी त्रास नाही. मग बीपी चढं राहायला लागलं म्हणून डॉक्टरांनी 10 केली. महिन्याभराने तिचे घोटे सुजले. चपलेच्या पट्ट्याचा वळ संध्याकाळपर्यंत उमटून राहायचा. दुसऱ्याच एका मेडिकलमध्ये सांगितलं, तर काउंटरवरच्या मुलाने चोळायला मलम दिलं. नेमके आमचे डॉक्टर बाहेरगावी होते, म्हणून दुसऱ्यांना दाखवलं. त्यांनी सूज दाबून पाहिली आणि लघवीची गोळी लिहून दिली, हायड्रोक्लोरोथायझाइड 25. ती मी आमच्या नेहमीच्या, म्हणजे याच मेडिकलमधून घेतली. सूज काही हलली नाही. पण दहा-बारा दिवसांत आई वेगळीच वागायला लागली. नळ चालू ठेवून झोपायला गेली. मला माझ्या मामाच्या नावाने हाक मारली, आणि मामा जाऊन नऊ वर्षं झाली. चालताना भिंतीचा आधार घ्यायला लागली. आम्ही सगळ्यांनी मान डोलावली: वय झालं. आणि मी कॅप्सूल आणायला निघालो.

मॅडमनी कॉम्प्युटरवर आमचं खातं उघडलं. कोणती गोळी कधी नेली, किती दिवसांची नेली, सगळं ओळीने. मग त्यांनी उलटीकडून विचारायला सुरुवात केली. विसरणं कधीपासून? त्याआधी नवीन काय सुरू झालं? लघवीची गोळी कशासाठी दिली? सुजेसाठी. मग सूज कधी आली? मी डायरी काढली. तारखा एकाखाली एक मांडल्यावर सांगण्यासारखं फार उरलंच नाही. जमाखर्चात फरक सापडतो तो असाच. बेरीज पुन्हा करून उपयोग नसतो, तो पहिल्यांदा कुठल्या पानावर आला ते शोधावं लागतं.

त्यांनी समजावलं ते माझ्या शब्दांत सांगतो. अ‍ॅम्लोडिपिन बारीक रक्तवाहिन्या सैल करते, त्यानेच बीपी उतरतं. पण त्यामुळे केशवाहिन्यांमधला दाब वाढतो आणि पाणी बाहेर पाझरून पायाशी साठतं. म्हणजे शरीरात पाणी जास्त झालेलं नसतं, ते चुकीच्या जागी गेलेलं असतं. लघवीवाटे पाणी काढणारी गोळी या सुजेला फारशी लागू पडत नाही. दुसरं काम मात्र करते, रक्तातलं सोडियम खाली आणू शकते. सोडियम उतरलं की मेंदूच्या पेशींत पाणी शिरतं, आणि माणूस गोंधळतो, झोकांड्या खातो, नावं विसरतो. वयस्कर, किडकिडीत बायकांमध्ये हे जास्त होतं आणि बहुतेकदा पहिल्या काही आठवड्यांत होतं.

"मला संशय आहे, काका. निदान डॉक्टर करतील. पण रक्त आज तपासा, उद्यावर ढकलू नका." आणि माझ्यासमोरच त्यांनी आमच्या डॉक्टरांना फोन लावला. ते परत आलेले होते. मी मनातल्या मनात गोळी बंद करूनच टाकली होती. मॅडमनी मात्र फोनवर डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्यावरच मला सांगितलं की कोणती गोळी थांबवायची आणि कोणती चालू ठेवायची. बीपीच्या गोळ्या आपल्या मनाने सोडायच्या नाहीत, हे दोनदा बजावलं.

सोडियम 121 आलं. असायला हवं 135 ते 145. आई तीन दिवस हॉस्पिटलमध्ये होती. सोडियम हळूहळू चढवतात, घाई केली तर मेंदूला इजा होऊ शकते, म्हणून तीन दिवस. घरी आली तेव्हा 132 होतं आणि दोन आठवड्यांनी 138. अ‍ॅम्लोडिपिन कमी करून डॉक्टरांनी सोबत दुसरी गोळी जोडली, घोटे उतरले. मामाला तिने पुन्हा मामाच्या जागी पाठवलं.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, चांगली फार्मासिस्ट आहे, कौतुक झालं. पण मला परीक्षण लिहायचंय ते याच्या पुढच्या भागाचं. मी आभार मानायला गेलो तर मॅडम म्हणाल्या, "थोडा वेळ आहे का? हे कळवायला हवं."

कळवायचं म्हणजे देशाच्या औषध-सुरक्षा केंद्राकडे. औषधाने त्रास झाल्याचा संशय आला की तो लिहून पाठवायची व्यवस्था असते आणि मेडिकलमधला फार्मासिस्टही ते करू शकतो, हे मला माहीतच नव्हतं. माझा पहिला प्रश्न अगदी घरगुती होता: "डॉक्टर रागावणार नाहीत ना?" मॅडमनी फॉर्म माझ्याकडे वळवला. ही तक्रार नव्हे. कुणाची चूक झाली हा रकानाच त्यात नाही. डॉक्टरांनाही त्यांनी आधी सांगितलं होतं.

फॉर्मबद्दल. पेशंटचं पूर्ण नाव लागत नाही, फक्त आद्याक्षरं. वय, वजन, बाई की पुरुष. नोंद ग्राह्य धरायला किमान चार गोष्टी पुरतात: कुणाला झालं, कोण कळवतंय, संशय कुठल्या औषधावर आणि त्रास काय. बाकी जेवढं भराल तेवढं उपयोगाचं. गोळी कधी सुरू, कधी बंद. त्रास कधी सुरू, कधी थांबला. सोबत आणखी काय चालू होतं, त्यात बिनचिठ्ठीचं आणि झाडपाल्याचंही आलं. गोळी बंद केल्यावर बरं वाटलं का? हो. त्याखालच्या रकान्यात होतं, गोळी पुन्हा दिल्यावर त्रास परत झाला का? मी दचकलो. मॅडम हसल्या. "तसं मुद्दाम करत नाही, काका. 'दिली नाही' असं लिहायचं."

मग बॅच नंबर. इथे माझी डायरी कमी पडली. रिकाम्या स्ट्रिप मी फेकून दिल्या होत्या. एका फटक्यात सगळी खोकी रद्दीत घालणारा मी, व्हाउचर फाडणाऱ्या कारकुनाला मात्र आयुष्यभर ओरडत आलो. शेवटी त्यांनी दुकानाच्या खरेदीच्या नोंदीतून बॅच शोधून काढली. दोष औषधातच आहे की एखाद्या घाण्यात काही बिघडलं, हे वेगळं काढायचं तर बॅच लागते. तेव्हापासून आईच्या रिकाम्या स्ट्रिप मी महिनाभर ठेवतो. घरात टिंगलीला नवा विषय मिळाला.

एक गोष्ट मला पटत नव्हती आणि मी ती विचारली. हे सगळं आधीच माहीत आहे ना? लघवीच्या गोळीने सोडियम उतरतं हे छापील आहे. अ‍ॅम्लोडिपिनचं तर माहितीपत्रकात आकड्यांत आहे: 5 मिलिग्रॅम घेणाऱ्यांत 3 टक्क्यांना सूज, 10 घेणाऱ्यांत 10.8 टक्क्यांना. (खोक्यातला तो पातळ कागद मी आयुष्यात पहिल्यांदा उलगडला, परत घडी घालता आली नाही.) मग आमच्या आईची आणखी एक नोंद कशाला?

मॅडम म्हणाल्या, घोटे सुजले एवढंच असतं तर कदाचित कळवलं नसतं. पण माणूस हॉस्पिटलात भरती झाला की तो त्रास 'गंभीर' धरतात, आणि गंभीर त्रास माहीत असलेला असला तरी कळवायचा. त्रास माहीत आहे म्हणजे तो होऊ शकतो एवढंच माहीत आहे. कुणाला होतो, कितव्या दिवशी, सोबत काय चालू असताना, हे अशा नोंदींतूनच भरत जातं. आईची गोष्ट तर दोन गोळ्यांची होती. पहिल्या गोळीचा त्रास हा नवा आजार समजून त्यावर दुसरी गोळी, आणि दुसरीचा त्रास हे म्हातारपण समजून त्यावर तिसरी, जी मी स्वतः विकत घ्यायला आलो होतो. या गोळीमागे गोळीच्या साखळीचं वर्णन पॉला रोशन आणि जेरी गुरविट्झ यांनी 1997 मध्ये केलेलं आहे, हे मी नंतर वाचलं. वाचून बरंही वाटलं आणि रागही आला.

मग वाचतच गेलो. औषध बाजारात येण्यापूर्वी चाचण्या होतात, पण त्यात घेतलेली माणसं काही हजार, आणि चार आजार, सहा गोळ्या, वजन 42 अशा म्हाताऱ्या बाया त्यात क्वचितच. हजारात एकाला होणारा त्रास निदान एकदा दिसेल याची 95 टक्के खात्री हवी असेल तर 3,000 माणसं लागतात, आणि दिसला तरी तो औषधाचाच हे ओळखायला कुणीतरी बसलेलं हवं. थॅलिडोमाइड गरोदर बायकांना मळमळीवर दिलं जायचं. 1961 मध्ये ऑस्ट्रेलियात विल्यम मॅकब्राइड आणि जर्मनीत विडुकिंड लेन्झ या डॉक्टरांनी हातपाय अपुरे असलेली बाळं आणि हे औषध यांचा संबंध बोलून दाखवला. तोवर जगभरात 10,000 च्या वर बाळांना भोगावं लागलं होतं असं मानतात. त्यानंतर देशोदेशी संशय नोंदवायच्या व्यवस्था उभ्या राहिल्या. ब्रिटनचं यलो कार्ड, म्हणजे असा संशय कळवायचा तिथला फॉर्म, 1964 चं. जागतिक आरोग्य संघटनेचा कार्यक्रम 1968 मध्ये 10 देशांनी सुरू केला. त्याचं दफ्तर 1978 पासून स्वीडनमध्ये उप्सालाला आहे आणि तिथे आता 3 कोटींच्या वर नोंदी आहेत.

यातली एक तारीख मला खटकली. यलो कार्ड 1964 चं, पण मेडिकलमधल्या फार्मासिस्टना ते भरायची मुभा मिळाली 1999 मध्ये. पस्तीस वर्षं! ज्या माणसाच्या हातून गोळी जाते, जो दर महिन्याला पेशंटचं तोंड बघतो, ज्याच्याकडे दोन वेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एकाच खात्यावर लागतात, त्यालाच कुणी विचारलं नव्हतं. पेशंटना तर 2005 मध्ये विचारलं. आमच्या बाबतीत एका डॉक्टरांना पहिली गोळी माहीत होती, दुसऱ्यांना सूज दिसत होती, मला विसरणं दिसत होतं. तिन्ही कागद एकत्र आले ते काउंटरवर.

आता कमी पडलेल्या गोष्टी. परीक्षण आहे, आरती नाही.

पहिली आणि सगळ्यात मोठी. लघवीची गोळी याच मेडिकलमधून गेली होती. त्या दिवशी कुणी काही विचारलं नाही. आधीची अ‍ॅम्लोडिपिन या मेडिकलच्या खात्यावर होती, म्हणजे दोन्ही गोळ्या एका पडद्यावर दिसत होत्या. मी हे तोंडावर बोललो. मॅडमनी सबब सांगितली नाही. "खरंय. आमच्याच हातून गेली," म्हणाल्या. मग कारण सांगितलं, आणि ते मला महत्त्वाचं वाटलं. दोन औषधं एकमेकांशी भांडत असली की कॉम्प्युटर लाल खूण दाखवतो. या दोन गोळ्यांचं भांडण नाही. बीपीसाठी त्या जोडीने सर्रास दिल्या जातात. त्यामुळे कॉम्प्युटर गप्प बसला. दुसरी गोळी कशासाठी दिली हे चिठ्ठीवर नव्हतं, आणि ते विचारल्याशिवाय कळायला मार्ग नव्हता. आता त्या लघवीची गोळी पहिल्यांदा देताना "ही कशावर दिली?" विचारतात. मी रांगेत उभा असताना दोनदा ऐकलंय.

दुसरी. सगळं काउंटरवर उभ्याने. माझ्या मागे चार माणसं, त्यातला एक खोकल्याचं औषध हातात घेऊन आईच्या लघवीची चौकशी मन लावून ऐकत होता. बसायला एक स्टूल आणि आडोसा एवढं तरी हवं. ज्याला गुप्तरोगाच्या किंवा मनाच्या आजाराच्या गोळीचा त्रास होतोय तो या काउंटरवर तोंड उघडणार नाही, आणि ती नोंद कधीच होणार नाही.

तिसरी दुकानाची नाही, फॉर्मची. ऑनलाइन फॉर्म भरता भरता मॅडमना दोन गिऱ्हाइकं बघावी लागली, तेवढ्यात पान बंद पडलं आणि सगळं पुन्हा भरावं लागलं. पाऊण तास गेला. या पाऊण तासाचं त्यांना कुणी काही देत नाही, मीही दिलं नाही. मी बारकाईने बघत होतो म्हणून सांगतो, दुसऱ्यांदा भरताना त्यांनी एकही रकाना आळसाने मोकळा सोडला नाही. पण सगळेच असं करतील अशी अपेक्षा कशी धरायची? 2006 मध्ये 12 देशांतले 37 अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा न कळवलेल्या त्रासांचं प्रमाण, ओळीने मांडलेल्या आकड्यांतला मधला आकडा (मध्यक) धरला तर, 94 टक्के निघालं. म्हणजे शंभरातले सहा कागदावर येतात. शंभर व्यवहारांतले चौऱ्याण्णव न नोंदवता ताळेबंद करणाऱ्याला मी दारात उभं केलं नसतं.

न कळवण्याची कारणं मॅडमना विचारली तर म्हणाल्या, वेळ नसतो हे एक. पण खरं अडतं ते खात्रीपाशी. "आपलं चुकलं तर?" असं वाटून माणूस थांबतो. फॉर्मवर तर शब्दच 'संशयित' असा छापलाय. त्यांनी आईच्या नोंदीत संबंधाच्या रकान्यात 'संभाव्य' ही खूण केली, 'निश्चित' नाही. वयामुळे, उन्हामुळे, पाणी जास्त प्यायल्यामुळेही सोडियम थोडं उतरलं असू शकतं. ते ठरवायला केंद्रात माणसं बसलेली असतात. एकट्या नोंदीवरून कुणी गोळी बंद करत नाही. तशाच दहा, पन्नास नोंदी वेगवेगळ्या ठिकाणांहून आल्या की डोळे वळतात.

चौथी. उत्तर. पोच आली, नोंदीचा नंबर आला आणि मग शांतता. मी महिनाभराने विचारायला गेलो, मॅडमकडेही काही नव्हतं. नेदरलँड्समधलं लारेब हे केंद्र कळवणाऱ्याला त्याच्या नोंदीबद्दल उत्तर पाठवण्यासाठी ओळखलं जातं असं वाचलं, आणि हेवा वाटला. लांबलचक काही नको. "तुमची नोंद वाचली, अशा आणखी इतक्या आहेत" एवढी ओळ आली असती तरी मॅडमनी पुढचा फॉर्म उत्साहाने उघडला असता.

तारे: साडेतीन देणार होतो, चार देतो. अर्धा तारा "आमच्याच हातून गेली" या वाक्याचा. एक कापलाय तो आडोशासाठी, स्टूल आलं की परत देईन.

नोंदीची प्रत मॅडमनी मला दिली होती, ती मी आईला वाचून दाखवली. तिने सगळं शांतपणे ऐकलं. सोडियम, तारखा, भरती, कशालाच काही म्हणाली नाही. वजन 42 किलो म्हटल्यावर मात्र मला थांबवलं. ते मी आजारी होते तेव्हाचं आहे, म्हणाली, माझं साडेत्रेचाळीस असतं. दुसऱ्या दिवशी मी मेडिकलमध्ये सांगितलं, निव्वळ गंमत म्हणून. मॅडमनी विचारलं, गोळी सुरू केली तेव्हा किती होतं? डायरीत होतं, साडेत्रेचाळीस. त्यांनी नोंदीचा नंबर शोधला आणि दुरुस्ती पाठवून दिली.